‘झेपेल तेवढा हलका व्यायाम’ : एका वाक्याची तपासणी

औशाच्या एका निवृत्त गुरुजींनी आम्हांला वर्तमानपत्राच्या आरोग्यविषयक पानाचे एक कात्रण दाखवले. लेख कंपवातावर, म्हणजे पार्किन्सनच्या विकारावर होता. गुरुजींना हा विकार जडून चार वर्षे झाली आहेत. लेखात लक्षणे होती, औषधे होती, आहार होता. आणि अगदी शेवटी, रुग्णाने झेपेल तेवढा हलका व्यायाम करावा व पुरेशी विश्रांती घ्यावी, असे एक वाक्य होते. त्या वाक्याखाली गुरुजींनी तांबड्या शाईने रेघ ओढली होती आणि समासात तीन प्रश्न लिहिले होते : हलका म्हणजे कोणता? किती वेळ? झेपते की नाही हे कोणी ठरवायचे? अक्षर अजूनही वळणदार होते. फक्त ओळीच्या शेवटाकडे ते बारीक बारीक होत गेले होते.

घरच्यांनीही तोच लेख वाचला होता आणि त्यातला ‘विश्रांती’ हा शब्द उचलला होता. गुरुजी पूर्वी रोज सकाळी किल्ल्यापर्यंत चालत जात. आता ते उठू लागले की सूनबाई काळजीने म्हणतात, ‘अण्णा, बसा की, पडाल कुठंतरी.’ सूनबाईंची भीती खोटी नाही. या विकारात माणसे पडतात आणि उतारवयात मांडीचे हाड मोडले तर सगळे घर अडचणीत येते. पण जो बसून राहतो त्याचे स्नायू दुबळे होतात, तोल आणखी बिघडतो आणि पुढच्या वेळी पडण्याची शक्यता वाढते. लेखातल्या त्या एका वाक्याने गुरुजींना चालायला लावले नाही, खुर्चीत बसवले.

म्हणून या विषयावरची आमच्याजवळची इतर मराठी कात्रणे आम्ही काढून वाचली. शब्द थोडेफार बदलतात, पण वाक्य तेच आणि जागाही तीच : शेवटची. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये देणारे लेखक व्यायामाची मात्रा मात्र ‘हलका’ या विशेषणात देतात. या लेखनाचे दोष कोठे आहेत, हे येथे पाहू.

नावापासून सुरुवात

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या विकारावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्यावरच पाहिलेले होते. हाताचा कंप, पुढे झुकलेले अंग, चालता चालता आपोआप पळू लागणे, ही लक्षणे त्याने नेमकी टिपली. मात्र पुस्तिकेच्या शीर्षकात त्याने या विकाराला ‘थरथरता पक्षाघात’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे पॅरिसच्या शार्को या मज्जाविकारतज्ज्ञाने त्यावर आक्षेप घेतला. सगळ्याच रुग्णांना कंप नसतो आणि पक्षाघातासारखे बळही जात नाही; मग हे नाव कशाला? त्यापेक्षा पार्किन्सनचेच नाव द्यावे, असे त्याने सुचवले आणि ते रूढ झाले.

आपल्याकडे ‘कंपवात’ हा जुना शब्द चालत आला. तो टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. लोकांच्या तोंडी तो आहे. पण तो वापरताना लेखकाने एक खुलासा करायला हवा आणि तो बहुतेक लेखांत सापडत नाही. आज डॉक्टर या विकाराचे निदान करताना हालचालींतला मंदपणा आधी पाहतात. त्याच्या जोडीला कंप किंवा ताठरपणा असावा लागतो. कंप असलाच पाहिजे असे नाही. लेखासोबत मात्र चित्र छापले जाते ते थरथरत्या हातातल्या कपबशीचे. ते पाहून वाचकाला वाटते की विकार म्हणजे थरथर, आणि उपाय म्हणजे हात स्थिर ठेवून स्वस्थ बसणे.

खरे तर शिक्षकांच्या नजरेला वेगळीच चिन्हे आधी दिसतील. फळ्यावरचे अक्षर लहान होत जाते. चालताना एक हात हलायचा थांबतो. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नाही. सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो. या सर्वांत एक समान गोष्ट आहे : हालचालीचा आकार आणि वेग घटलेला आहे. व्यायामाचे मुख्य काम याच ठिकाणी आहे. कंपावर त्याचा परिणाम झाला नाही म्हणून ‘काही फरक पडत नाही’ असे म्हणून व्यायाम सोडणारा रुग्ण चुकीच्या जागी फरक शोधत असतो.

मोजपट्टीच आखडली तर?

मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामाइन हे रसायन तयार करतात. पार्किन्सनच्या विकारात या पेशी हळूहळू मरतात. डोपामाइनच्या पुरवठ्यावर मेंदूतली जी केंद्रे चालतात, त्यांच्याकडे एक महत्त्वाचे काम असते : अंगवळणी पडलेल्या हालचाली लक्ष न देता पार पाडणे. आपण ‘क’ लिहिताना प्रत्येक वळणाचा विचार करीत नाही. चालताना प्रत्येक पाऊल मोजत नाही. ही आपोआप चालणारी व्यवस्था मंदावली की पाऊल आखडते, अक्षर बारीक होते.

येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपले पाऊल आखडले आहे हे रुग्णाला पुष्कळदा जाणवतच नाही. त्याला ते पूर्वीइतकेच वाटते. त्याला मुद्दाम नेहमीएवढे लांब पाऊल टाकायला लावले, तर तो म्हणतो, ‘हे फारच मोठे झाले.’ आवाजाचेही तसेच. आपण ओरडतो आहोत असे त्याला वाटते, तेव्हा समोरच्याला ते साधे बोलणे वाटते. म्हणजे विकाराने नुसती हालचाल घटवलेली नाही, ती मोजणारी आतली पट्टीही आखडून ठेवली आहे.

आता ‘झेपेल तेवढा’ हे शब्द पुन्हा वाचून पाहा. ज्या माणसाच्या आतल्या मापात बिघाड झाला आहे, त्यालाच आपण सांगतो की तुझ्या मापाने ठरव. आमचा या वाक्यावरचा मुख्य आक्षेप हा आहे. या रुग्णाला माप बाहेरून द्यावे लागते : घड्याळाने, नाडीच्या ठोक्यांनी, जमिनीवरच्या रेघांनी, तालाने किंवा शेजारी चालणाऱ्या माणसाने.

बाहेरून दिलेले माप उपयोगी पडते याचे पुरावे जुने आहेत. पर्डन मार्टिन या ब्रिटिश डॉक्टरने १९६७ साली दाखवून दिले की जमिनीवर आडव्या रेघा आखल्या, तर अडखळणारा रुग्ण त्या ओलांडत बऱ्यापैकी मोठी पावले टाकतो. १९९६ साली थॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांकडून तीन आठवडे, रोज अर्धा तास, तालबद्ध संगीतावर चालण्याचा सराव करून घेतला. चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. २०१० साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचे पाय जमिनीला खिळत, दोन पावलेही टाकता येत नसत. पण तोच माणूस सायकल मात्र व्यवस्थित चालवी. खाली उतरला की पाय पुन्हा खिळत. फिरणारे पायडल प्रत्येक वेळी पायाला पुढची खूण देते, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

‘हलका’ म्हणजे किती?

दुसरा दोष मात्रेचा. ‘हलका’ हा शब्द सुरक्षित वाटतो म्हणून वापरला जातो. पण तो पुराव्याशी जुळतो का?

अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. नुकतेच निदान झालेले आणि अजून औषध सुरू न केलेले १२८ रुग्ण त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने सरकत्या पट्ट्यावर जोमाने चालायचे, म्हणजे नाडी कमाल गतीच्या ८० ते ८५ टक्क्यांवर न्यायची. दुसऱ्याने मध्यम, ६० ते ६५ टक्क्यांवर. तिसऱ्याने नेहमीसारखे राहायचे. सहा महिन्यांनंतर हालचालींचे गुण मोजले. ही परीक्षा उलटी आहे. गुण जितके जास्त, तितका विकार अधिक. तिसऱ्या गटाचे गुण सरासरी ३.२ ने वाढले, मध्यम गटाचे २.० ने, आणि जोमाने चालणाऱ्यांचे केवळ ०.३ ने. नेहमीसारखे राहणाऱ्यांपेक्षा स्पष्ट फरक दिसला तो जोमाने चालणाऱ्या गटात. मध्यम गटाबद्दल तसे म्हणता आले नाही. आठवड्यातून चार दिवस व्यायाम करा असे सांगितले असताना लोकांनी सरासरी तीनच दिवस केला, हेही त्या अहवालात प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

हे आकडे वर्गात समजावता येतील. कमाल नाडी काढण्याचे ढोबळ सूत्र २२० वजा वय. ६५ वर्षांच्या माणसाची कमाल नाडी १५५. तिचे ८० ते ८५ टक्के म्हणजे मिनिटाला १२४ ते १३२ ठोके, अर्थात १५ सेकंदांत ३१ ते ३३. हे सूत्र सरासरीचे आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, आणि या विकारातही काहींची नाडी पुरेशी वाढत नाही. तेव्हा सोबत दुसरी खूण ठेवावी : चालताना एखादे वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या अभ्यासातल्या रुग्णांच्या हृदयाची आधी तपासणी झाली होती. आपल्याकडेही डॉक्टरांनी हृदय तपासल्याशिवाय कोणी जोमाचा व्यायाम सुरू करू नये.

२०१९ साली नेदरलँड्समधून आलेला अभ्यास याहून उपयुक्त आहे, कारण तो घरातला आहे. १३० रुग्णांपैकी निम्म्यांनी घरातल्या स्थिर सायकलीवर आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटे, सहा महिने व्यायाम केला. उरलेल्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. औषधाचा अंमल नसताना मोजलेल्या गुणांत सायकलवाले सरासरी ४.२ गुणांनी सरस ठरले. म्हणजे ‘हलका व्यायाम’ येथे प्रत्यक्ष स्पर्धेत होता आणि तो मागे पडला.

तोलाचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर २०१२ सालचा, १९५ रुग्णांचा अमेरिकी अभ्यास आहे. ताई-ची हा संथ चिनी व्यायामप्रकार आठवड्यातून दोनदा, एक-एक तास, २४ आठवडे केल्यावर तोल सुधारला आणि नुसते अंग ताणणाऱ्यांपेक्षा पडणे कमी झाले. यावरून दिसते की ‘व्यायाम’ हा एक शब्दही पुरेसा नाही. दमासाठी एक, ताकदीसाठी दुसरा, तोलासाठी तिसरा.

दुसरे टोक

यावर कोणी म्हणेल, मग ‘व्यायामाने पार्किन्सन थांबतो’ असे ठळक शीर्षक द्यावे. असे लेखही आमच्या कात्रणांत आहेत आणि ते पहिल्यापेक्षा बरे नाहीत. वरचे दोन सायकल-पट्ट्याचे अभ्यास सहा महिन्यांचे, विकाराच्या सुरुवातीच्या किंवा सौम्य अवस्थेतल्या माणसांवर केलेले आहेत. मरणाऱ्या मेंदूपेशी व्यायामाने वाचतात, असे त्यांनी सिद्ध केलेले नाही. व्यायाम सुरू केला म्हणून गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. उलट गोळीचा अंमल चांगला असलेली वेळच व्यायामासाठी निवडायची असते.

शार्कोचीच एक गोष्ट या बाबतीत बोधप्रद आहे. आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांब प्रवास करून आलेले रुग्ण ‘बरे वाटते’ म्हणतात, हे ऐकून त्याने हादरे देणारी एक खुर्ची तयार करवली. रुग्णांना बरे वाटलेही. पुढे २०१२ साली अमेरिकी डॉक्टरांनी तशी खुर्ची पुन्हा तपासली. एका गटाला हादरे दिले, दुसऱ्याला तशाच खुर्चीत हादऱ्यांशिवाय बसवून निसर्गातले आवाज ऐकवले. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. तुलनेचा गट नसता तर खुर्चीचा जयजयकार झाला असता. ‘बसल्या जागी व्यायाम’ देणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती वाचताना ही खुर्ची आठवावी.

लेख कोणासाठी लिहिला जातो?

तिसरा दोष वाचकाविषयी आहे. जे लेख थोडा तपशील देतात, ते व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, भौतिकोपचारतज्ज्ञ यांची नावे घेतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण व कुटुंबीय तेथे एकत्र येतात. ऋषिकेश पवार यांनी पुण्यात २०१० च्या सुमारास रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने असा वर्ग २००१ साली सुरू केला होता. मुंबईत रुग्णांसाठी काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीही २००१ सालचीच. ही कामे मोलाची आहेत. पण पुण्यातला वर्ग औशाच्या माणसाने वाचून करायचे काय? आणि लेखातला रुग्ण नेहमी पायात बूट घातलेला पुरुष असतो. नऊवारी नेसणाऱ्या, भररस्त्यावर झपझप चालायचा संकोच वाटणाऱ्या बाईचा विचार त्यात नसतो. ‘घरकाम हाच व्यायाम’ म्हणून तिची बोळवण होते; पण निवडणे-टिपणे या बारीक हालचाली आहेत, आणि विकाराने आधीच बारीक केलेल्या हालचालींवर तो उतारा नव्हे.

औशात काय आहे, ते पाहू. येथील नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा प्रसिद्ध आहे. भजनाच्या ठेक्यावर पावले टाकत चक्राकार फिरायचे, हे तिचे वैशिष्ट्य. त्याने विकार बरा होतो असा अर्थ कोणी काढू नये. किंबहुना गिरक्या या रुग्णाने घेऊच नयेत. वळताना तोल जाण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. पण सरळ रेषेत, भजनाच्या ठेक्यावर मोठी पावले टाकणे आणि मोठ्याने गाणे, या दोन्ही गोष्टी येथल्या माणसाला कोणी शिकवाव्या लागणार नाहीत. ब्रुकलिनच्या वर्गात जे संगीत करते, ते करू शकणारा ताल येथे घरोघरी माहीत आहे.

शाळाही आहे. संध्याकाळी मैदान मोकळे असते आणि सपाट असते. खडूने किंवा चुन्याने पाऊलभर अंतराच्या आडव्या रेघा आखायला पाच मिनिटे लागतात. जुन्या सायकलीला रुंद, भक्कम लोखंडी बैठक जोडून मागचे चाक अधांतरी फिरेल अशी स्थिर सायकल गावातला वेल्डर करून देईल. विज्ञान प्रदर्शनासाठी दरवर्षीच्या ज्वालामुखीपेक्षा हा प्रकल्प बरा. चढता-उतरताना मात्र धरायला माणूस हवाच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वेळ पहाटेची ठेवावी. या विकारात उभे राहताच रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते आणि अंगातले पाणी कमी झाले की ती वाढते.

वाक्य पुन्हा लिहिले तर

टीका केली की दुरुस्तीची जबाबदारीही येते. गुरुजींच्या कात्रणातले ते वाक्य आम्ही असे लिहिले असते :

‘डॉक्टरांकडून हृदय व रक्तदाब तपासून घ्या. मग औषधाचा अंमल असताना, आठवड्यातून निदान तीन दिवस, अर्धा तास असे चाला किंवा स्थिर सायकल चालवा की दम लागेल, वाक्य बोलता येईल पण गाता येणार नाही. सुरुवात दहा मिनिटांनी करून हळूहळू वाढवा. पाऊल मुद्दाम मोठे टाका. तुम्हांला जास्त वाटेल तेवढेच बरोबर असेल. ताल किंवा रेघा यांची मदत घ्या. आणखी दोन दिवस खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे आणि भिंतीजवळ तोल सांभाळण्याचा सराव करा. वळताना जागच्या जागी न वळता मोठा फेरा घ्या. सोबत कोणी असू द्या, पण चालताना त्याने गप्पा मारू नयेत. व्यायामानंतर विश्रांती घ्या, व्यायामाऐवजी नको.’

वाक्य लांबले, हे खरे. एका ओळीऐवजी परिच्छेद झाला. पण औषधांना तीन परिच्छेद देणाऱ्या लेखात एवढी जागा निघायला हरकत नाही.

हा मजकूर आम्ही गुरुजींना वाचून दाखवला, तेव्हा सूनबाईही दारात उभ्या होत्या. ‘सोबत कोणी’ म्हणजे कोण, एवढेच त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. लेख लिहून तो सुटत नाही. डॉक्टरांच्या तपासणीनंतर आता गुरुजींचा नातू आणि त्याचे नववीतले दोन मित्र आळीपाळीने त्यांच्याबरोबर शाळेच्या मैदानावर जातात. एक जण ठेका देतो, दुसरा १५ सेकंद नाडी मोजतो, तिसरा वहीत लिहितो. परवा त्या वहीत २२ आणि २४ असे आकडे होते. अजून ३१ पर्यंत पोहोचायचे आहे आणि तेही सावकाश. वही शिक्षकांनी तपासावी अशी गुरुजींची इच्छा आहे. आपल्या गावी असे कोणी खुर्चीत बसवले गेले असेल, तर तेथेही एक वही सुरू करता येईल.